आतड्यांचा जंतुसंसर्ग आणि दीर्घकालीन दाह

वारंवार होणारे जुलाब, शौचावाटे पडणारे रक्त, पोटातील कळा व घटणारे वजन या तक्रारी आपल्या देशात बहुधा जंतुसंसर्गामुळे उद्भवतात. परंतु हीच लक्षणे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचीही असतात. या दाहाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्यापुरता मर्यादित राहतो. क्रोन्स डिसीज मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो.

संसर्ग व दाह यांचे नाते जुने आहे. १९१३ साली स्कॉटलंडमधील शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी आतड्यांच्या अशा दाहाचे गुरांना होणाऱ्या जोन्स रोगाशी असलेले साम्य नोंदविले. १९३२ साली न्यूयॉर्क येथील डॉ. बरिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनी १४ रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. जोन्स रोगाचा जंतू क्षयाच्या जंतूच्याच कुळातील असल्याने त्याच्याविषयी पुष्कळ संशोधन झाले. तथापि तोच या विकाराचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

आजची समजूत अशी, की हा विकार एका विशिष्ट जंतूमुळे होत नाही. आपल्या आतड्यांत असंख्य निरुपद्रवी जंतू वास करतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना सहसा सामावून घेते. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत हा समतोल ढळला, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर उलटते. साल्मोनेला व कॅम्पायलोबॅक्टर यांच्या संसर्गानंतर या विकाराचे निदान अधिक प्रमाणात झाल्याचे डेन्मार्कमधील २००९ सालच्या अभ्यासात दिसून आले. मात्र संसर्गामुळे रुग्णांच्या तपासण्या वाढतात व सुप्त विकार उघडकीस येतो, हेही त्याचे कारण असू शकेल, असे तेथीलच पुढील अभ्यासाने सुचविले.

आपल्यापुढील खरी अडचण निदानाची आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग हे क्षयाचे व क्रोन्स डिसीजचे समाईक स्थान आहे. दोहोंमध्ये व्रण पडतात, आतडे अरुंद होते. क्षय वा अमिबाजन्य आमांश असताना दाह समजून स्टिरॉइड दिल्यास संसर्ग बळावून जिवावर बेतू शकते. उलट, क्रोन्स डिसीज असताना केवळ क्षयाची औषधे चालू राहिल्यास मोलाचे महिने वाया जातात. यासाठी शौचाची तपासणी, कोलोनोस्कोपी, आतड्याच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा व क्षयजंतूंचा शोध या सर्वांची सांगड घालावी लागते. तरीही निर्णय न झाल्यास क्षयाचे उपचार सुरू करून सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून व्रणांची पाहणी करतात. व्रण भरून येत नसतील, तर निदानाचा व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचाही फेरविचार करावा लागतो.

निदान निश्चित झालेल्या रुग्णांनीही सावध असावे. त्रास अचानक वाढला, तर तो मूळ विकाराचाच असेल असे नाही. विशेषतः प्रतिजैविके घेतल्यानंतर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचा संसर्ग त्यावर होऊ शकतो. म्हणून औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी शौचाची तपासणी करून घेणे इष्ट.

जुलाब चार आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास किंवा शौचावाटे रक्त जात असल्यास परस्पर औषधे घेत राहू नये. वेळीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि क्षयाची वा स्टिरॉइडची औषधे स्वतःहून सुरू अथवा बंद करू नयेत, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.