शंभर कोटींची विद्यापीठे आणि चार लाखांचा प्रश्न

विद्यापीठीय संशोधनासाठी केंद्र सरकारने अलीकडे आखलेल्या योजनांतील आकडे दिपवून टाकणारे आहेत. ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प जाहीर झाला. त्यातील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित होता, ही गोष्ट वेगळी. ‘पंतप्रधान उच्चतर शिक्षा अभियाना’त बहुविद्याशाखीय शिक्षण व संशोधन विद्यापीठे घडवण्यासाठी ३५ विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये देण्याची तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मुख्यतः खासगी उद्योगांतील संशोधनासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली. देश संशोधन व विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च करतो, असे ऐकत आलेल्या माझ्यासारख्याने या घोषणांचे स्वागतच करायला हवे, आणि मी ते करतो.

माझी शंका रकमेच्या आकाराविषयी नाही. तिच्या पहिल्या पायरीविषयी आहे. रसायनशास्त्राचा अध्यापक आणि समाजशास्त्राची अध्यापिका एकाच परिसरात पंधरा वर्षे राहूनही एकमेकांना ओळखत नसतील, तर शंभर कोटींच्या इमारतीत त्यांच्या खोल्या शेजारी-शेजारी आल्या म्हणून संयुक्त संशोधन सुरू होणार नाही. त्यासाठी आधी दोघांना एखादा प्रश्न एकत्र चाचपून पाहावा लागतो. त्याला लागतात दोन-पाच लाख रुपये, वर्ष-दीड वर्षाचा अवधी आणि हाती काहीच लागले नाही तरी चालेल अशी मुभा. विद्यापीठाने स्वतःच्या तिजोरीतून दिलेल्या या रकमेला बीजनिधी म्हणतात. बाहेरच्या संस्थेकडे मोठा प्रस्ताव पाठवताना प्राथमिक निष्कर्ष मागितले जातात; ते मिळवण्याची सोय एवढेच त्याचे प्रयोजन.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एक खोली आठवते. प्रशांतचंद्र महालनोबिस तेथे भौतिकशास्त्र शिकवत. १९२० साली नागपुरात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी त्यांच्यापुढे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनाची आकडेवारी ठेवली आणि तिचे विश्लेषण करायला सांगितले. प्राणिशास्त्रज्ञाचा प्रश्न, मानववंशशास्त्राची मापे आणि भौतिकशास्त्रज्ञाचे गणित असा हा संयोग होता. दोन समूहांमधील अंतर मोजणारे, आज त्यांच्याच नावाने जगभर वापरले जाणारे सूत्र पुढे याच वाटेवर सापडले. १९२६ च्या ओरिसातील महापुरानंतर नदीचे पात्र उंचावले आहे, सबब बांध उंच करा, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिसांनी अनेक दशकांच्या पावसाच्या व पाणीपातळीच्या नोंदी तपासून पात्र उंचावले नसल्याचे दाखवून दिले. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा पहिल्या वर्षीचा खर्च होता २३८ रुपये. त्या काळाच्या मानानेही ही रक्कम क्षुल्लकच.

२३८ रुपयांत संस्था उभी राहते, असा अर्थ वित्त विभागातील माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी यातून काढू नये. पुढे १९३७ पासून बंगालमधील ताग पिकाच्या नमुना पाहणीसाठी त्यांनी सरकारी पैसा मिळवला, तोही टप्प्याटप्प्याने. आधी लहान क्षेत्रावर चाचणी, तिच्या चुकांचे मोजमाप आणि त्यावरून पुढच्या वर्षीचा आराखडा. आधी लहान प्रमाणावर चाचपून पाहणे हे त्यांच्या पद्धतीचे अंगच होते, आणि त्यातून पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीसारखी यंत्रणा उभी राहिली. बीजनिधीचे तर्कशास्त्र यापेक्षा वेगळे नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपण मात्र दुसरी वाट धरली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये आली, टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये, अणुऊर्जा विभाग १९५४ मध्ये. संशोधन स्वायत्त प्रयोगशाळांकडे गेले; विद्यापीठांच्या वाट्याला अध्यापन व परीक्षा उरल्या. त्या वेळच्या निकडीत हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु त्याची किंमत विद्यापीठांनी मोजली, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या समित्यांवर बसताना ती मला ठायी ठायी दिसते.

अशाच एका राज्य विद्यापीठाच्या वित्त समितीवर मी काही काळ होतो. तेथे एक प्रस्ताव आला होता. इतिहास, भूगर्भशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांतील तिघा अध्यापकांना जिल्ह्यातील मध्ययुगीन तलावांचा अभ्यास करायचा होता. जुन्या सनदा व महसुली कागदपत्रे एकाने वाचायची, गाळाचे थर दुसऱ्याने तपासायचे, उपग्रह-प्रतिमांवरून लुप्त झालेले कालवे तिसऱ्याने शोधायचे. मागणी चार लाखांची होती. प्रस्तावाच्या गुणवत्तेविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. चर्चा झाली ती खर्च कोणत्या विभागाच्या लेखाशीर्षाखाली टाकायचा यावर. कुलसचिवांचे म्हणणे, इतिहास विभागाला प्रयोगशाळेचा खर्च दाखवता येणार नाही. वित्त अधिकाऱ्यांचे म्हणणे, भूगर्भशास्त्राच्या तरतुदीतून सनदांच्या छायाप्रतींचे देयक निघाले तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल. दोघेही नियमाला धरूनच बोलत होते. ‘आंतरविभागीय संशोधन’ असे स्वतंत्र शीर्ष उघडावे, अशी सूचना मी केली. ती पुढील बैठकीपुढे ठेवण्याचे ठरले. पुढील बैठक होईपर्यंत आर्थिक वर्ष संपले होते.

अनुदान ३१ मार्चला संपते, पावसाळा जूनमध्ये सुरू होतो आणि तलावांचा अभ्यास करणाऱ्याला दोन पावसाळे लागतात. अखर्चित रक्कम परत करा, उपयोगिता प्रमाणपत्र दाखल करा, मग पुढचा हप्ता मागा, ही शिस्त तिजोरीच्या दृष्टीने योग्यच आहे; मी स्वतः आयुष्यभर ती राबवली. रस्त्याच्या कामाला ती चालते. ज्या कामात सहाव्या महिन्यात दिशा बदलणे हेच यश असू शकते, तेथे हाच नियम अध्यापकाला मार्च महिन्यात नको असलेला संगणक खरेदी करायला भाग पाडतो. खरेदीचे नियम जून २०२५ मध्ये सैल झाले, हे नमूद केले पाहिजे. वैज्ञानिक संस्थांना निविदेविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली आणि कुलगुरूंचे अधिकार वाढले. वार्षिक मुदतीचा जाच मात्र तसाच आहे.

त्याहून सूक्ष्म अडसर अध्यापकाच्या पदोन्नतीत दडलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दोघांनी मिळून लिहिलेल्या शोधनिबंधाचे प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. लेखक दोनाहून अधिक असतील, तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के. संयुक्त प्रकल्पात प्रमुख संशोधक व सहसंशोधक यांना निम्मे निम्मे. म्हणजे तलावांवर एकत्र निबंध लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघांनी सुमारे एकतृतीयांश गुणांवर समाधान मानायचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय हा शब्द पानोपानी येतो, आणि बढतीचा तक्ता तरुण अध्यापकाला एकट्यानेच लिहिण्याचा सल्ला देतो. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात या गुणांकनाला फाटा देण्याचा विचार दिसतो. कुलगुरू-निवडीच्या तरतुदींवरून त्या मसुद्याचे राज्यांशी वाजले, त्या गदारोळात ही बाब चर्चेबाहेरच राहिली.

एकत्र काम काय करू शकते, याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात त्वचारोगतज्ज्ञांना खेड्यांतील रुग्णांच्या हातापायांवर आर्सेनिकच्या विषबाधेची चिन्हे दिसली. जादवपूर विद्यापीठाच्या पर्यावरण अभ्यास केंद्रात दीपंकर चक्रवर्ती या रसायनशास्त्रज्ञाने कूपनलिकांच्या पाण्याचे नमुने तपासण्याचे काम अंगावर घेतले. वैद्यकाची बाजू डॉक्टरांनी सांभाळली, जमिनीखालील थरांचा प्रश्न भूगर्भशास्त्रज्ञांकडे गेला. गंगेच्या खोऱ्यातील कोट्यवधी लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यातून देशापुढे आला. एका विभागाच्या चौकटीत तो मावला नसता.

बीजनिधीत धोके नाहीत असे नव्हे. बहुतेक ठिकाणी तो पंगतीत वाढावा तसा प्रत्येक विभागाला थोडाथोडा वाढला जातो. कोणी रुसू नये हाच निकष. काही ठिकाणी तो कुलगुरूंच्या मर्जीतील मंडळींकडे वळतो. अर्ज बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेणे, दोन वेगळ्या विद्याशाखांच्या अध्यापकांची सही अनिवार्य करणे आणि फसलेल्या प्रयोगाचाही अहवाल जाहीर करणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. आयोगाचे नवनियुक्त अध्यापकांसाठीचे दौलतसिंह कोठारी संशोधन अनुदान दोन वर्षांसाठी १० लाखांचे आहे. ते उपयुक्तच, मात्र ते एकेका व्यक्तीला मिळते, जोडीला नाही.

पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या जमाखर्चातच आहे. बाहेरून मिळणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात संस्थेच्या प्रशासकीय खर्चापोटी काही रक्कम वेगळी येते. ती सहसा सामान्य निधीत मिसळते आणि वीजबिल किंवा रंगरंगोटीत विरून जाते. तिचा ठराविक भाग तीन वर्षे न संपणाऱ्या स्वतंत्र खात्यात ठेवण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. व्यवस्थापन परिषदेचा ठराव आणि राज्याच्या वित्त विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. देशातील सुमारे ८० टक्के विद्यार्थी राज्य विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात, असे नीती आयोगाचाच २०२५ चा अहवाल सांगतो. शंभर कोटींसाठी निवड न झालेल्या विद्यापीठांनाही हा ठराव येत्या अर्थसंकल्पी बैठकीत मांडता येईल.