'चांगल्या प्रतीचं काम' म्हणजे नेमकं किती चांगलं? स्पेसिफिकेशन लिहायला शिका

या आठवड्याचा व्हिडिओ बांधकामाच्या कोटेशनवर आहे. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून लिहून ठेवायच्या गोष्टी इथे देतोय. तुम्ही तुळजापुरात छोटे कॉन्ट्रॅक्टर असाल, नुकतंच सिव्हिल डिप्लोमा करून कामं घ्यायला लागला असाल, किंवा स्वतःचा लॉज बांधायला काढला असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आधी तुमचं शेवटचं कोटेशन काढा. त्यात "चांगल्या प्रतीचे सिमेंट", "उत्तम फिनिशिंग", "आवश्यकतेनुसार पाणी मारणे" असे शब्द किती आहेत ते मोजा. असा प्रत्येक शब्द म्हणजे उद्याच्या भांडणाची जागा. मालकाच्या मनातलं "उत्तम" वेगळं, तुमच्या दरातलं "उत्तम" वेगळं. बिलाच्या दिवशी दोन्ही समोरासमोर येतात, आणि पैसे तुमचे अडकतात.

स्पेसिफिकेशन म्हणजे काय?

ड्रॉइंग सांगतं कुठे आणि केवढं. एस्टिमेट सांगतं किती आणि कितीला. स्पेसिफिकेशन सांगतं कसलं, कसं आणि ते बरोबर झालं हे ओळखायचं कसं. तिसरा भाग आपण बहुतेक वेळा तोंडी उरकतो.

हे लिहिणं शिकता येतं, त्याला इंग्रजी फर्डं लागत नाही. अमेरिकेत 1948 साली यासाठी 'कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूट' ही संस्था निघाली, आजही तिच्या परीक्षा होतात. आपल्याकडे डिप्लोमाच्या एस्टिमेटिंगच्या विषयात हे येतं, पण बरेच जण ते मार्कांपुरतंच वाचतात. खरं पाठ्यपुस्तक आपल्या घरचंच आहे: सार्वजनिक बांधकाम विभागाची स्टँडर्ड स्पेसिफिकेशन्स, म्हणजे सगळे ज्याला 'रेड बुक' म्हणतात ते. सरकारी दरसूचीतला एखादा आयटम नीट वाचा. सेंटरिंग, काँक्रीट दाबणं, फिनिशिंग, क्युरिंग हे सगळं दरात धरलंय की नाही, ते एकाच वाक्यात सापडतं. खासगी कामातले निम्मे वाद याच "धरलंय की नाही" वर होतात.

लिहायच्या चार पद्धती

1. वर्णन करून: माल कोणता, प्रमाण काय, पद्धत कोणती ते सांगायचं. उदा. बाहेरचा गिलावा दोन थरांत, एकूण 20 मिमी.
2. परिणाम सांगून: कसं करायचं ते तुमच्यावर, निकाल ठरलेला. उदा. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर 48 तास पाणी साठवून ठेवायचं, खालच्या छताला ओल दिसता कामा नये.
3. मानकाचा हवाला देऊन: उदा. सळई आयएस 1786 प्रमाणे, ग्रेड एफई 500डी.
4. ब्रँडचं नाव देऊन: टाइल्स, नळ, रंग यांना सोयीचं. पण "किंवा त्याच तोडीचा" असं लिहिलंत, तर ती तोड कोण ठरवणार तेही लिहा.

एकाच गोष्टीला पद्धत आणि परिणाम दोन्ही लादू नका. तुम्ही सांगितलेल्या पद्धतीनेच काम केलं आणि तरी गळलं, तर जबाबदार कोण? इथेच गाडी अडते.

एक उदाहरण: नवरात्राआधीचा स्लॅब

आपल्या गावात बांधकामाची डेडलाइन एकच असते, घटस्थापना. यात्रेकरू यायच्या आत खोल्या तयार हव्यात. मग स्लॅब पडला की चौथ्या दिवसापासून "पाट्या कधी काढताय?" सुरू. तुमच्याकडे लेखी काही नसेल, तर तुम्ही दबता.

कच्चं लिखाण असं असतं: "स्लॅब चांगल्या मालात करून वेळेत सेंटरिंग काढणे."

आता पक्कं लिखाण बघा:

"स्लॅबचे काँक्रीट एम20. क्युरिंग किमान 10 दिवस, पाणी सतत राहील असे आळे करून. स्लॅबखालचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला 7 दिवसांनी, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याला 14 दिवसांनी काढणे. 6 मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू 14 दिवसांनी. प्रत्येक स्लॅबच्या काँक्रीटचे क्यूब भरून 28 दिवसांनी लॅबमध्ये तपासणे, खर्च मालकाचा."

हे आकडे मनाचे नाहीत. आयएस 456:2000 मध्ये आरसीसीला किमान एम20 सांगितलंय. साध्या ओपीसी सिमेंटला क्युरिंग किमान 7 दिवस, कोरड्या-उष्ण हवेत किंवा पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस. टेकूंचे दिवस ओपीसीसाठी आहेत, पीपीसी वापरत असाल तर इंजिनिअरला विचारून वाढवा. मालकाला आता "मी म्हणतो म्हणून" सांगावं लागत नाही, कागद सांगतो. आणि घटस्थापनेची तारीख गाठायची असेल तर स्लॅब कधी पडायला हवा, हे उलटं मोजता येतं. करारात "नवरात्राआधी" न लिहिता तारीखच लिहा.

मोजमापही लिहा

गिलाव्याचं बिल आलं की दरवाजे वजा करायचे का, यावर हमखास वाद. आयएस 1200 चा नियम असा: 0.5 चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा करायचं नाही. 0.5 ते 3 चौरस मीटर असेल तर दोन्ही बाजूंना गिलावा असला तरी एकाच बाजूचं वजा. 3 च्या वर दोन्ही बाजूंचं वजा, पण कडांचा गिलावा धरायचा. 1 बाय 2.1 मीटरचे 20 दरवाजे धरा. एक बाजू की दोन, एवढ्यानेच 42 चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे साडेचारशे चौरस फुटांचा फरक पडतो. "मोजमाप आयएस 1200 प्रमाणे" या एका ओळीची किंमत बघा.

हे फक्त पैशांपुरतं नाही

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, बहुतेक घरं अशीच होती. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन थरांना बांधणारे आरपार दगड नसले, की थर सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. अशा बांधकामासाठीच्या आयएस 13828 मध्ये आरपार दगड उंचीत दर 600 मिमीला आणि आडवे दर 1.2 मीटरला घालायला सांगितलेत. आरपार दगड घालणं गवंड्याला अवघड नसतं. पण कामाच्या कागदावर ते लिहिलेलंच नसेल, तर गवंड्याला विचारणार कोण, आणि तपासणारा तपासणार काय?

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या चालू कामातला एकच आयटम घ्या आणि या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा:

- माल कोणता, कोणत्या मानकाचा?
- काम कसं करायचं, किंवा निकाल काय हवा?
- तपासायचं कसं, कोणी, कोणाच्या खर्चाने?
- मोजायचं कसं?
- दरात काय धरलंय, काय नाही?

आणि शेवटी एक ओळ: ड्रॉइंग आणि लिखाण जुळलं नाही, तर काय ग्राह्य धरायचं.

लिहून झालं की ते तुमच्या मिस्त्रीला वाचून दाखवा. त्याने "म्हणजे किती?" असं विचारलं, तर ती ओळ पुन्हा लिहा. त्याने काही न विचारता कामाला हात घातला, तर तुमचं स्पेसिफिकेशन जमलं. मग सही घ्या, एक प्रत मालकाला, एक तुमच्याकडे, आणि एक साइटवर.