पीकविम्याबाहेरील शेतकरी आणि शासकीय आपत्ती मदत : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
अतिवृष्टी, पूर, गारपीट वा दुष्काळ यांमुळे पिके नष्ट झाल्यावर शासन शेतकऱ्यांना जी रक्कम देते, तिला व्यवहारात 'नुकसानभरपाई' म्हटले जाते. शासकीय निकषांत मात्र ते 'निविष्ठा अनुदान' आहे. या दोन संज्ञांमधील अंतर विमा न उतरवलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

मदतीचे स्वरूप :
आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची तरतूद आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के व राज्याचा 25 टक्के असतो. 2022-23 ते 2025-26 या कालावधीच्या केंद्रीय निकषांनुसार जिरायत पिकांसाठी हेक्टरी 8,500 रुपये, बागायत पिकांसाठी 17,000 रुपये आणि बहुवार्षिक पिकांसाठी 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे दर होते. ही मदत विमाधारक व विमा नसलेला असा भेद करीत नाही. 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्याने क्षेत्रमर्यादा तीन हेक्टर केली.

अनुदान आणि नुकसान :
हेक्टरी दहा क्विंटल सोयाबीन गृहीत धरल्यास 2025-26 च्या 5,328 रुपये आधारभूत किमतीने उत्पन्न 53,280 रुपये होते. 8,500 रुपये हा त्याचा जेमतेम सहावा भाग. पुढील पेरणीच्या बियाणे-खतांना हातभार लावणे एवढाच या अनुदानाचा हेतू आहे. बुडालेले उत्पन्न भरून देणे हा नव्हे.

दुसरी बाब उंबरठ्याची. 2015 मध्ये किमान नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली गेली. ही सुधारणा स्वागतार्ह होती. तथापि 32 टक्के हानी झालेला शेतकरी वंचित राहतो, तर 35 टक्के व 100 टक्के हानीला दर एकच लागतो. शिवाय महसूल, कृषी व ग्रामविकास विभागांच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या पंचनाम्यावर सर्व अवलंबून असते.

लाभार्थी कोण?
मदत सर्वसाधारणपणे सातबाऱ्यावरील खातेदाराच्या बँक खात्यात जमा होते. बटईने वा ठोक्याने जमीन कसणाऱ्यांचे करार बहुधा तोंडी असतात. कुळाचा हक्क निर्माण होईल या भीतीने मालक लेखी करार टाळतात. परिणामी पेरणीचा खर्च एकाचा आणि अनुदान दुसऱ्याला, अशी स्थिती उद्भवते. शेतात राबणाऱ्या, परंतु सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रियांचीही हीच अवस्था आहे.

विम्याची बदलती पार्श्वभूमी :
खरीप 2020 पासून प्रधानमंत्री पीक विमा योजना कर्जदारांसाठीही ऐच्छिक झाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये सुरू केलेली एक रुपयातील पीकविमा योजना खरीप 2025 पासून बंद झाली व शेतकऱ्यास पुन्हा हप्ता भरावा लागला. त्याच वेळी स्थानिक आपत्तीचे संरक्षण वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगावर आधारित केली गेली. त्यामुळे एखाद्याच शिवारात गारपीट झाल्यास विमाधारकालाही शासकीय मदतीकडेच पाहावे लागते.

निष्कर्ष :
निविष्ठा अनुदान हे विम्याला पर्याय नाही. मात्र विमा नसलेल्यांना तोच एकमेव आधार असल्याने हानीच्या प्रमाणानुसार टप्पेवार दर ठरविणे आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद लाभासाठी ग्राह्य धरणे आवश्यक आहे. अन्यथा ज्याचे पीक बुडाले त्याच्यापर्यंत मदत पोहोचणार नाही.