शुक्रवार रात्रीचे सवाल-जवाब

मंडळी, कतारमध्ये शुक्रवार म्हणजे सुट्टी, आणि काही घरांत मुलांचा ‘फ्रायडे नाइट फंकिन’! २०२० साली चौघा तरुणांनी केलेला हा कॉम्प्युटरवरचा फुकट खेळ. चित्रे कार्टूनची. निळ्या केसांचा पोरगा मैत्रिणीच्या बापाशी गाण्यात भिडतो. समोरच्याने ओळ गायची, आपण बाणांची बटणे ठेक्यात दाबून जवाब द्यायचा. म्हणजे आपल्या तमाशातले सवाल-जवाबच की!

खेळणाऱ्यांना विचाराल तर गाण्यांवर सगळे खूश. थोरल्यांची कुरकुर अशी, की २०२१ मध्ये चाहत्यांनी २० लाख डॉलरहून जास्त वर्गणी दिली, तरी पूर्ण खेळासाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. धाकटे म्हणतात, बरोबर दाबले तरी चूक धरतो. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्याने असे होते. तारेचा लावून पाहावा.

आईबाबांची काळजी वेगळी: यात नुसता वेळच जातो का? मुले सांगतात, बोटांपेक्षा कान लागतो. काही प्रसंग मात्र लहानांजोगे नाहीत. एकदा शेजारी बसून बघाच. आणि ठेका पक्का दिसला, तर यंदा गणपतीत पोराच्या हाती लेझीम द्या!