मलबार हिलची डुंगरवाडी आणि आपला गोठा



ऊस, पाणी, खत आणि दर हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या वेळी जरा वेगळ्या ठिकाणची हकीकत सांगतो. वाचताना वाटेल, हिचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या गोठ्यातून जातो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले. त्यांचे अंत्यसंस्कार वरळीच्या विद्युतदाहिनीत झाले, हे सर्वांनी टी.व्ही.वर पाहिले. दुसऱ्या दिवशी पारावर एकाने विचारले, "पारशी लोक माणूस गिधाडांसाठी ठेवत्यात म्हणं, मग हे दाहिनीत कसं?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या घरच्यांनी काय विचार केला ते आपण सांगू नये. परंतु बरीच पारशी कुटुंबे अलीकडे दहनाकडे वळली आहेत. २०१५ साली वरळीला त्यासाठी प्रार्थनागृहही झाले. यामागे जी कारणे आहेत, त्यातले एक मोठे कारण जनावरांच्या औषधात आहे.

मुंबईत मलबार हिलवर डुंगरवाडी म्हणून पारशी समाजाची जागा आहे. सुमारे ५४ एकर, आणि चहूकडे दाट झाडी. मुंबईसारख्या शहरात एवढे रान कसे राहिले याचे नवल वाटते. इथला पहिला दखमा १६७० च्या दशकात मोदी हिरजी वाच्छा यांनी बांधला असे सांगतात. तो काळ शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचा. म्हणजे साडेतीनशे वर्षे एकाच टेकडीवर एका समाजाचा शेवटचा निरोप चालू आहे. कारभार पारशी पंचायतीकडे असतो.

पारशी धर्मात अग्नी, पाणी आणि माती तिन्ही पवित्र. प्रेताने ती विटाळू नयेत म्हणून दहनही नाही अन् दफनही नाही. माणूस गेला की त्याला डुंगरवाडीच्या बंगलीत आणतात. घरची मंडळी तिथे राहतात, प्रार्थना चालतात. कुत्र्याला प्रेताचे दर्शन घडवितात, त्याला सगदीद म्हणतात. मग पांढऱ्या वेषातले खांधिये प्रेत वाहून नेतात. आत जाण्याचा अधिकार फक्त नसेसालारांचा, अगदी पोटच्या मुलालाही नाही. सर्व काही सूर्यप्रकाशातच व्हायला हवे.

दखमा म्हणजे वरून उघडी, गोल दगडी वास्तू. आत तीन वर्तुळे: बाहेरचे पुरुषांचे, मधले स्त्रियांचे, आतले मुलांचे. मध्यभागी खोल विहीर, तिला भंडार म्हणतात. गिधाडे तासाभरात काम उरकीत. उरलेली हाडे उन्हाने वाळत आणि भंडारात जात. पावसाचे पाणी कोळसा आणि वाळूतून गाळून जमिनीत मुरे. राजा असो की रंक, हाडे एकाच ठिकाणी. आपल्या कारखान्याच्या काट्यावर सगळ्यांचा ऊस एकाच मापाने मोजला जातो, तसेच म्हणा ना!

ही सारी व्यवस्था गिधाडांवर उभी होती आणि गिधाडेच गेली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एकसुद्धा उरली नाहीत. डुंगरवाडीत मृतदेह लवकर वाळावेत म्हणून सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. पण पावसाळ्यात ऊन कुठून आणायचे? घार आणि कावळा यांना गिधाडाचे काम झेपत नाही.

कारण सापडायला वेळ लागला. कोणी म्हणे रोगराई, कोणी म्हणे कीटकनाशके. शेवटी पाकिस्तानात मेलेली गिधाडे फाडून पाहिली, तेव्हा त्यांच्या आतड्या-काळजावर चुन्यासारखा पांढरा थर दिसला. मूत्रपिंडे निकामी झाली होती. २००४ साली जाहीर झाले की गुन्हेगार डायक्लोफेनॅक आहे, म्हणजे जनावराच्या सुजेवर आणि दुखण्यावर देतात तेच स्वस्त इंजेक्शन. ते घेतल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की अख्खा थवा संपतो. शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत हे औषध असले तरी एवढा संहार होतो, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, मग खोट भरून कशी निघणार?

मला आमचा सर्जा आठवतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. हंगाम भरात होता, टायरगाडी ओढून बैलाचा खांदा सुजला होता. फेऱ्या बुडू नयेत म्हणून सुई टोचून घेतली आणि गाडी पुन्हा जुंपली. चौथ्या फेरीला तो बसला तो उठलाच नाही. ओढून माळावर टाकला. वडील म्हणाले, "दुपारपतूर गिधाडं साफ करतील." बाटलीवर काय लिहिले होते ते कोणी वाचलेच नव्हते. दोन वर्षांनी दुसरे जनावर टाकले, तेव्हा नुसती कुत्री आली. माळावर कुत्र्यांची टोळी वाढली, ती आजही आहे. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जादा मेली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडला. त्यात पिसाळलेल्या कुत्र्यांचाही वाटा आहे.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ साली ती कुपी ३ मिलीपुरती केली. २०२३ साली ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालते आणि बैलाच्या सुजेवरही ते गुण देते. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वन खाते आणि गावकरी यांनी गिधाडांना खाणे ठेवण्याची जागा केली, तिथे पक्षी दिसू लागले.

हंगाम तोंडावर आहे, बैलांचे खांदे सुजणारच. डॉक्टर आले की कुपीवरचे नाव विचारावे. दुकानदाराने "हेच जोरदार हाय" म्हणून माणसाची कुपी पुढे केली तर घेऊ नये. आणि सुई टोचलेले जनावर त्या आठवड्यात दगावलेच, तर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.