हापूसची निर्यात व मापनाची विश्वासार्हता

रत्नागिरीच्या हापूस आंब्याची परदेशी निर्यात केवळ स्वाद व सुगंध यांवर अवलंबून नाही. जपानने २००६ साली भारतीय आंब्यास प्रवेश दिला, तो फळमाशीच्या नाशासाठी गराचे तापमान बाष्पाने ४७.५ अंश सेल्सियसवर नेऊन २० मिनिटे राखण्याच्या अटीवर. गरात खुपसलेला तापमापक चुकल्यास अळी जिवंत राहू शकते, अथवा फळ नासते. दूरस्थ ग्राहकास हे दिसत नाही. तो उपकरणाच्या नोंदीवरच विसंबतो. म्हणून असे उपकरण आयात केलेले असो वा स्वदेशी, ते प्रमाण-मापकाशी ताडलेले असणे अगत्याचे ठरते. भारत १९५७ साली मीटर-करारात सहभागी झाला. १९९९ च्या परस्पर-मान्यता व्यवस्थेने एका राष्ट्राच्या मापनसंस्थेचे प्रमाणपत्र दुसऱ्यास ग्राह्य झाले. मापन-उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा खरा आधार हा विश्वासच होय.