घरी सुरी बनवायचीय? पहिलं पोलाद कोणतं घ्याल?

आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात कोयता कशाचा, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं: पाट्याचा! पाटा म्हणजे ट्रकच्या चाकांवर असते ती कमानीची पट्टी. म्हणून मीही पहिल्या सुरीसाठी भंगारातून जुना पाटाच आणला. ग्राइंडरवर चार संध्याकाळी घालवल्या, लाल तापवून पातं तेलात बुडवलं आणि 'टिक्' असा आवाज आला. आरपार तडा!

पोलाद वाईट नव्हतं. पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, हत्याराला चांगला. पण वर्षानुवर्षं ओझं वाहून त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे पडलेले असू शकतात. अनुभवी लोहार असा तुकडा ऐरणीवरच बाजूला टाकतो, आपल्याला ते कळत नाही.

मग नवशिक्याने काय घ्यावं? माझं मत, १०८४ पोलादाची ३ मिमी जाडीची नवी पट्टी. ती नाहीच मिळाली तर १०७५. शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बन, इथे सुमारे ०.८४ टक्के. या पोलादात तापल्यावर कार्बन लवकर विरघळतो, तापमान बराच वेळ नेमकं धरून ठेवावं लागत नाही. घरच्या भट्टीत नेमकं तेच तर जमत नाही! स्टेनलेसचं नाव सध्या काढू नका. त्याला १००० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर नेमकं तापमान लागतं. आणि बांधकामाची सळई फुकट मिळाली तरी नको. कार्बन कमी, धार टिकतच नाही.

१०८४ ला महागडं उपकरणही लागत नाही, चुंबक पुरे. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्यापुढे रंग जरा उजळला की पातं उभं धरून कोमट खाद्यतेलात बुडवायचं. यालाच लोहार 'पाणी देणं' म्हणतात, पण आपण पाणी वापरायचं नाही, पातं तडकू शकतं. तेलाचं भांडं लोखंडी आणि झाकणाचं हवं, कारण भडका उडतो. हे काम अंगणात करा, स्वयंपाकघरात नाही.

थंड झाल्यावर कानस फिरवून बघा. घसरली, तर पातं कडक झालं. पण आता ते काचेसारखं ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तरी मोडेल. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवा, मग गार करून पुन्हा दोन तास.

हो, हे पोलाद गंजतं. नारायणगावचा टोमॅटो चिरून झाला की सुरी लगेच धुऊन, पुसून ठेवायची.